अंगठीखालची खाज आणि साबणाचे बाकी प्रश्न

गणपती झाले की माझ्याकडे हातांचे प्रश्न येतात, हे आता ठरल्यासारखंच झालंय. जून-जुलैत चिखल्या आणि गजकर्ण, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हात, कारण मुंबईतल्या कितीतरी घरांतल्या मावशी गणपतीला कोकणात जातात आणि मग भांड्यांचा ढीग कोणाच्या तरी नशिबी येतो. मी स्किनची डॉक्टर नाही बरं का. साबण-शाम्पू बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढलीत, त्यामुळे औषध सांगणार नाही, बाटलीत काय असतं आणि ते कातडीला काय करतं तेवढं सांगेन.

ताई, आमच्या मावशी गणपतीला चिपळूणला गेल्या त्या आल्याच नाहीत, दीड महिना झाला भांडी मीच घासतेय. आधी अंगठीखाली खाज सुटली, मग बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलायला लागली, आता टोकांना चिरा पडल्यात, लिंबू पिळताना जीव जातो. शेजारच्या वहिनींनी केमिस्टकडची एक ट्यूब दिली, आठ दिवस मस्त वाटलं, बंद केली की परत तेच. बार पण तीन बदलले, लिंबाचा, पुदिन्याचा, मग कडुनिंबाचा. मला साबणाची ॲलर्जी झालीय का? — एक वाचक, भांडुप

बहुतेक ॲलर्जी नसावी, आणि ही अंगठीची खूण तर इतकी नेहमीची आहे की तुमचं पत्र अर्धं वाचूनच मला अंदाज आला. अंगठीखाली साबणाचं पाणी अडकतं. हात धुतलात तरी तिथलं निघत नाही, भांडी झाली, कपडे वाळत घातले, कुकर लावला तरी ते तिथेच मुरत असतं, म्हणजे बाकीच्या हाताला वीस मिनिटं साबण आणि त्या एवढ्याशा रिंगणाला दिवसभर. बेचक्यांचंही तेच.

आता होतं काय ते ऐका. साबण, शाम्पू, पावडर, भांड्यांचा बार, या सगळ्यांत खरं काम करणारा जो माल असतो त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याचं डोकं पाण्याकडे ओढतं आणि शेपूट तेलाकडे, म्हणून तो कढईचा ओशटपणा उचलून पाण्याबरोबर घालवतो. पण कढईचं तेल कुठलं आणि तुमच्या बोटाचं कुठलं हे त्याला कळत नाही. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, तळहात-तळपाय सोडले तर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाहून पातळ. विटांची भिंत असते तसा तो रचलेला असतो, पेशी म्हणजे विटा, त्यांच्यात केराटिन भरलेलं, आणि मधला गिलावा म्हणजे सिरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड असली चरबी. साबण हा गिलावा थोडाथोडा उपसतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याहून मोठी भानगड अशी की तो विटांनाच जाऊन चिकटतो. ओल्या केराटिनमध्ये तो शिरला की ते फुगतं, हात पुसले की आकसतं, भांडी झाल्यावर हाताची कातडी ताणल्यासारखी वाटते ना ती यामुळेच. आणि एकदा चिकटलेला सगळाच्या सगळा नळाखाली निघत नाही. हे दिवसातून चार-पाचदा झालं की पेशींमध्ये पाणी धरून ठेवणारे पदार्थही वाहून जातात, कातडी कडक होते, कडक झाली की बोट वाकवताना चीर पडते, आणि मग पुढचा साबण चिरेतून थेट आत. याला डॉक्टरी भाषेत इरिटंट डर्मटायटिस म्हणतात. ॲलर्जीत शरीर एखाद्या पदार्थाला वैरी ठरवून बसतं आणि मग तो चिमूटभर लागला तरी पुरतो. इथे तसं नाही, इथे सगळा हिशोब किती कडक, किती वेळ आणि किती वेळा याचा.

म्हणूनच तीन बार बदलून काही झालं नाही. लिंबू, पुदिना, कडुनिंब हा वास आणि रंगाचा खेळ, आतला मुख्य माल बहुतेक वेळा एकच, ॲसिड स्लरी नावाच्या कडक ॲसिडपासून (धंद्यात त्या ॲसिडला लॅब्सा म्हणतात) बनवलेला सर्फॅक्टंट, स्वस्त, ओशटपणा काढण्यात एक नंबर आणि केराटिनला चिकटण्यातही. सोबत सोडा आणि घासायला दगडाची पूड.

मला एक सांगा, तुमचा बार कशात ठेवलेला असतो? त्या गोल डबीतच ना, आणि तळाला पाणी साचून त्याचा पांढरा चिखल झालेला असतो? स्क्रबर त्या चिखलात दाबायचा आणि मुठीत पिळत पिळत वीस मिनिटं घासायचं, हेच आपण सगळे करतो. तो चिखल म्हणजे घरातलं सगळ्यात कडक साबणाचं पाणी, आणि ते तळहातात दाबून धरलेलं. डबीला खाली भोकं पाडा, नाहीतर वाडगाभर पाण्यात चमचाभर लिक्विड घाला आणि त्यात स्क्रबर बुडवा. ओशट भांडी आधी कागदाने पुसून घ्या. पाणी कोमट असेल तर ठीक, गरम नको, गरम पाण्यात हाच साबण कातडीत जास्त जोरात शिरतो (गिझरचं पाणी सिंकला आल्यापासून कितीतरी जणींचं हे दुखणं वाढलंय असं माझं आपलं मत). अंगठी काढून खिडकीत ठेवा. हातमोजे घाला पण आतून सुती अस्तराचे, किंवा आत पातळ सुती मोजे, नाहीतर मुंबईच्या घामात नुसत्या रबराच्या मोज्यात हात उकडून निघतो आणि घामाने तेच होतं जे साबणाने होत होतं. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, मग उलटे करून वाळत. आणि हात धुतले की पुसून लगेच, हात किंचित ओले असतानाच, साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल, दिवसातून पाच-सहा वेळा म्हटलं तरी जास्त नाही. सुगंधी लोशन सध्या नको.

ट्यूबबद्दल: आठ दिवसांत जादू झाली आणि बंद केल्यावर परत आलं म्हणजे त्यात स्टेरॉइड असणार. ते वाईटच असं मी म्हणत नाही, डॉक्टर देतात, पण किती दिवस आणि कुठलं ते त्यांनी ठरवायचं, वहिनींनी नाही. मनानेच लावत राहिलात तर कातडी पातळ होते आणि बुरशी असेल तर ती झाकली जाऊन पसरते.

आणि घाई करू नका. आठ-दहा दिवसांत हात दिसायला चांगले होतील, पण आतली भिंत पूर्ववत व्हायला चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बहुतेक जण इथेच फसतात, बरं दिसलं की मोजे कोपऱ्यात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून महिन्याभरात फरक नाही पडला तर स्किनच्या डॉक्टरांना पॅच टेस्टचं विचारा. पाठीवर छोट्या छोट्या टिकल्या दोन दिवस चिकटवून ठेवतात, पाठ भिजवायची नाही, घाम आणायचा नाही (मुंबईत!), मग काढून लगेच एकदा आणि साधारण दोन दिवसांनी पुन्हा एकदा बघतात. त्यात खरी ॲलर्जी निघाली तरी ती बऱ्याचदा सर्फॅक्टंटची नसते, सुगंधाची किंवा माल टिकवायला घातलेल्या प्रिझर्व्हेटिव्हची असते.

सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की एसएलएसमुळे कॅन्सर होतो, गॅरेजची फरशी धुवायला तेच वापरतात. घरातल्या बाटल्या बघितल्या तर शाम्पूत आहे, फेसवॉशमध्ये आहे, टूथपेस्टमध्ये पण निघालं. सगळं टाकून देऊ का? — एक आजोबा, गिरगाव

टाकू नका आजोबा, पैसे जातील. हा फॉरवर्ड माझा जुना ओळखीचा आहे, व्हॉट्सॲपच्या आधीचा, १९९०च्या दशकाच्या शेवटी तो ईमेलवरून फिरत होता, शब्द पण जवळपास हेच. फरशी धुवायला वापरतात हे खरं, फरशी धुवायला पाणीही वापरतात.

एसएलएस म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट, हाही एक सर्फॅक्टंटच, आणि त्याने कॅन्सर होतो असा पुरावा नाही. चुरचुर मात्र करतं, आणि ते इतकं खात्रीचं की संशोधकांना प्रयोगासाठी मुद्दाम कातडी चिडवायची असली की ते एसएलएसचाच पॅच लावतात. पण तो पॅच चोवीस तास बांधून ठेवलेला असतो, आणि शाम्पू डोक्यावर दोन मिनिटं असतो, पाणी ओतलं की गेला. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने १९८३ मध्ये हेच सांगितलं होतं, थोडा वेळ लावून नीट धुवायच्या वस्तूत चालेल, कातडीवर जास्त वेळ राहणाऱ्या वस्तूत १ टक्क्याच्या वर नको.

फॉरवर्डमध्ये एक खरा दाणा आहे, तो पण सांगते, नाहीतर म्हणाल कंपनीवाली बाई लपवते. एसएलएसचा एक मवाळ भाऊ आहे, एसएलईएस, शाम्पूत हल्ली जास्त करून तोच असतो. तो बनवताना इथिलीन ऑक्साइड वापरतात आणि त्यात १,४-डायॉक्सेन नावाचा पदार्थ अगदी थोडा उरतो. त्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'कॅन्सर करण्याची शक्यता' या २बी गटात टाकलंय, प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे. चांगला कारखाना व्हॅक्यूम लावून तो ओढून काढतो आणि मोजतो. म्हणजे बाटलीवरच्या नावापेक्षा ती कुणी आणि कशी बनवली याला जास्त महत्त्व, आणि मी स्वतः सुट्टा, बिननावाचा शाम्पू घरात आणत नाही तो या कारणाने.

टूथपेस्टचं वेगळं. तुमचं तोंड वारंवार येत असेल तर एसएलएस नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरून बघा, काही जणांना फरक पडतो. तोंड येत नसेल तर राहू द्या.

टीएफएम ७६ म्हणजे साबण सौम्य का हो? दुकानदार तसं सांगतो. — दादर

दुकानदाराला विकायचंय. टीएफएम म्हणजे साबणात चरबीचा अंश किती, आपल्याकडच्या मानकात ७६ टक्क्यांच्या वर ग्रेड १, ७० च्या वर ग्रेड २, ६० च्या वर ग्रेड ३. जास्त टीएफएमचा साबण कमी विरघळतो, जास्त दिवस पुरतो, त्यात भर घातलेली माती-पूड कमी असते, हे सगळं चांगलंच. पण साबण तो साबण, पाण्यात त्याचा पीएच (७ म्हणजे मधोमध, वर अल्कली, खाली ॲसिड) ९-१० च्या आसपास जाणारच, आणि आपल्या कातडीचा असतो ५ च्या आसपास. ज्यावर 'बेदिंग बार' लिहिलेलं असतं त्यातले काही चक्क साबण नसतातच, सिंडेट असतात, म्हणजे साबणाऐवजी दुसऱ्या कृत्रिम सर्फॅक्टंटच्या वड्या. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत सोडियम कोकोइल किंवा लॉरॉइल आयसेथिओनेट सुरुवातीलाच दिसलं तर समजा. त्यात टीएफएमचा हिशोब लागूच पडत नाही आणि कोरड्या कातडीला तो बहुधा जास्त मानवतो. बाकी धडधाकट माणसाला आणि मुंबईच्या घामाला कुठलाही चालतो, टॉवर झाल्यापासून टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येत असेल तेवढं फक्त बघा. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो, बादलीच्या कडेला बसतो तोच अंगावरही बसतो. पालिकेचं तलावांचं पाणी त्या मानाने हलकं.

बाळ तीन महिन्यांचं आहे. मालिशवाल्या मावशी डाळीचं पीठ आणि साय लावून चोळतात, सासूबाई म्हणतात केमिकल नको, आणि आमचे हे बादलीत झाकणभर अँटिसेप्टिक टाकतात. कुणाचं ऐकू? — लालबाग

पहिलं अँटिसेप्टिक बंद करा, यजमानांना माझं नाव सांगा. तीन महिन्यांच्या बाळाला कसले जंतू लागलेत की रोज औषधाच्या पाण्याने आंघोळ. त्या लिक्विडमध्येही साबण असतो, वर औषध, वर वास, आणि बाळाची कातडी पातळ.

डाळीच्या पिठाला माझी हरकत नाही, चोळण्याला आहे. पीठ तेल शोषून घेतं, पण कोरडं झाल्यावर खसाखसा काढलं की ती सॅंडपेपरच, मावशींना सांगा लावा आणि पाण्याने उतरवा, लव काढायचा उद्योग नको, लव आपोआप जाते. आणि गळ्याच्या, काखेच्या, जांघेच्या वळ्यांत पीठ राहिलं की या दमट हवेत तिथे लाल होतंच.

सासूबाईंना दुखवायचं नाही, पण रिठा हाही सर्फॅक्टंटच आहे, त्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो. माझी आई रविवारी रिठा-शिकेकाईने न्हाऊ घालायची, डोळ्यात गेलं की मी चाळभर ऐकू जाईल असं भोकाड पसरायची, कुठल्याही बेबी शाम्पूने एवढं झोंबलं नसतं. झाडाला लागलं म्हणून सौम्य असं काही नसतं. बेबी वॉश डोळ्याला कमी झोंबतात कारण त्यात बीटेनसारखे मवाळ सर्फॅक्टंट जास्त घालतात आणि पीएच जुळवलेला असतो. घ्यायचाच तर बिनवासाचा, थेंबभर, डोकं आणि लंगोटाची जागा एवढ्यापुरता. बाकी अंगाला पाणी पुरे.

ताई, आम्ही विरारच्या बचत गटातल्या आठ जणी भांड्यांचं लिक्विड बनवतो. मस्जिद बंदरहून ॲसिड स्लरी, कॉस्टिक, मीठ, रंग, वास आणतो, एका सरांच्या क्लासमध्ये शिकलो. दोन तक्रारी येतात, हात चुरचुरतात आणि फेस कमी येतो. म्हणून स्लरी वाढवली तर चुरचुर वाढली. आता हेच पातळ करून हँडवॉश म्हणून विकावं असं चाललंय.

हे पत्र वाचून मी आधी पाणी प्यायले. हँडवॉश म्हणून अजिबात विकू नका. भांड्यांचं लिक्विड वेगळं आणि अंगाला लावायची वस्तू वेगळी, हँडवॉश कॉस्मेटिकमध्ये मोडतो, तो बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं लायसन लागतं आणि मागे सगळे घटक छापावे लागतात.

आता चुरचुर. स्लरी हे कडक ॲसिड आहे, कॉस्टिक हा कडक अल्कली, दोघांनी एकमेकांना पूर्ण मारलं तरच लिक्विड हाताला लागण्यासारखं होतं. क्लासचे सर 'अमुक किलोला अमुक ग्रॅम' सांगतात, पण दर डब्याची स्लरी थोडी वेगळी, नव्वद टक्क्यांची की शहाण्णवची, कॉस्टिकने बरणीत ओल धरली की त्याची ताकद कमी, मग हिशोब चुकतो आणि लिक्विड कधी ॲसिड राहतं तर कधी अल्कली. तुमच्या पत्रात पीएच पट्टी हा शब्दच नाही. लगेच एक रोल आणा. बॅच झाली, फेस बसला की पट्टी लावायची, ७ च्या आजूबाजूला यायला हवं, नसेल तर कॉस्टिकचं पातळ पाणी किंवा स्लरी थोडी थोडी घालत जुळवायचं. मोजे आणि चष्म्याशिवाय कुणीही बादलीजवळ जायचं नाही. कॉस्टिक पाण्यात हळूहळू टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधी ओतायचं नाही, उसळतं. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो, जाड प्लॅस्टिकची बादली घ्या. अंगावर उडालं तर नळाखाली धरा, पंधरा-वीस मिनिटं, लिंबू-व्हिनेगर चोळत बसू नका. आणि माल टिकायला सरांनी फॉर्मेलिन सांगितलं असेल तर ते बंद, खरी ॲलर्जी करणाऱ्यांत त्याचं नाव वरचं आहे.

आता फेस, आणि हा माझा आवडता भाग. मी ट्रेनी असताना लॅबची काचेची भांडी एसएलईएसच्या पेस्टने मोजे न घालता घासायचे, पंधरवड्यात बेचक्या सोलल्या. आमच्या सरांनी ओरडायचं सोडून एक प्रयोग करायला लावला. मक्यातलं एक प्रोटीन असतं झेन म्हणून, पाण्यात विरघळत नाही, पण कडक सर्फॅक्टंटच्या पाण्यात विरघळतं, आणि जितकं जास्त विरघळेल तितका तो माल कातडीला वाईट असा ढोबळ अंदाज बांधतात. एका बीकरमध्ये नुसता एसएलईएस, दुसऱ्यात तेवढाच एसएलईएस आणि वर बीटेन. म्हणजे दुसऱ्यात एकूण माल जास्त, मला वाटलं हा जास्त खाणार. उलट झालं, दुसऱ्या बीकरच्या तळाशी झेन बरंचसं तसंच पडून. कारण सर्फॅक्टंट पाण्यात गोळे करून राहतात, कातडीत शिरतात ते प्रामुख्याने गोळ्याबाहेर सुटे फिरणारे, आणि बीटेन आला की तो या सुट्यांना आपल्या गोळ्यात ओढून बसवतो. गोळे मोठे, सुटे कमी, हात शांत. वर फेसही दाट येतो आणि टिकतो.

तेव्हा स्लरी वाढवू नका, होती तेवढ्यावर आणा, किंवा थोडी कमीच करून तिच्या जागी एसएलईएस घाला आणि कोको बीटेन दोन-तीन टक्के. महाग पडेल, बाटलीमागे थोडे पैसे वाढवा, बायका देतील. मीठ मात्र मग सावकाश, आधी घट्ट होतं आणि एका मर्यादेनंतर एकदम पाण्यासारखं पातळ, तेव्हा चमच्या-चमच्याने घालून प्रत्येक वेळी थांबून बघा. पहिली बॅच दोन लिटरचीच करा. रात्रभर ठेवा, आणि सकाळी बाटल्या भरायच्या आधी पट्टी परत एकदा लावा.